तौबा करणाऱ्याला वस्ती कोण देणार?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. त्यात मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय आहे. हिशोबाच्या दिवशी राजा माणसांची दोन भागांत विभागणी करतो आणि प्रत्येकाला त्याचं कारण सांगतो. भुकेल्याला जेवू घातलं का, तहानलेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडा दिला का, आजाऱ्याची विचारपूस केली का, आणि तुरुंगात असलेल्याला भेटायला गेलात का, एवढंच तो विचारतो. ज्यांनी हे केलं, त्यांनी ते त्या राजासाठीच केलं असं धरलं जातं.

मुसलमान वाचकाला हे ओळखीचं वाटेल. सहीह मुस्लिममध्ये एक हदीसे कुदसी आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारेल की मी आजारी होतो, तू आला नाहीस. मी जेवण मागितलं, तू दिलं नाहीस. पाणी मागितलं, तू पाजलं नाहीस. बंदा गोंधळून विचारेल की तू तर साऱ्या जगाचा पालनहार, तुला मी कसं जेवू घालणार? त्यावर उत्तर मिळेल की माझा अमुक बंदा भुकेला होता, त्याला दिलं असतंस तर ते माझ्याजवळ सापडलं असतं. दोन धर्म इतके जवळ आलेले फार थोड्या ठिकाणी दिसतात.

एक फरक मात्र आहे. त्या हदीसमध्ये तुरुंगातला माणूस नाही, मत्तयच्या यादीत आहे. याचा अर्थ इस्लाम कैद्याला विसरला असा नाही. त्याबद्दल पुढे लिहितेच. पण ख्रिस्ती परंपरेने त्या यादीतलं शेवटचं काम उचललं आणि शतकानुशतकं धरून ठेवलं. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथे कैदी निर्दोष असला पाहिजे अशी अट नाही. भुकेल्याला ‘तू कामधंदा का केला नाहीस’ असं विचारून मग भाकरी देत नाहीत, तसंच कैद्याला ‘तू खरंच गुन्हा केलास का’ असं विचारून मग भेटायचं नाही. तो तुरुंगात आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

या शिकवणीतून प्रत्यक्षात काय घडलं ते पाहू. जॉन हॉवर्ड हा इंग्लंडमधला श्रद्धाळू ख्रिस्ती जमीनदार १७७३ मध्ये बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला. पूर्वीचे शेरीफ तुरुंगाकडे फिरकत नसत, हा स्वतः आत गेला. तिथे त्याने पाहिलं की कोर्टाने निर्दोष सोडलेली माणसंही आतच पडून आहेत. कारण तुरुंगाधिकाऱ्याला पगार नव्हता, तो कैद्यांकडून फी घ्यायचा, आणि ती फी चुकती केल्याशिवाय सुटका नव्हती. हॉवर्डने तुरुंगाधिकाऱ्याला पगार द्या अशी मागणी केली. त्यावर असं आधी कुठे झालंय का ते दाखव, असं त्याला सांगण्यात आलं. ते शोधायला तो घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यांत गेला आणि प्रत्येक ठिकाणी हेच चित्र दिसलं. १७७४ मध्ये पार्लमेंटने ही फी बंद करणारा कायदा केला. १७७७ मध्ये तुरुंगांच्या स्थितीवर त्याचं पुस्तक आलं. पुढे युरोपभर तुरुंग बघत फिरता फिरताच १७९० मध्ये तो वारला.

दुसरी एलिझाबेथ फ्राय. ती क्वेकर पंथाची होती. १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बायकांच्या विभागात ती पहिल्यांदा गेली, तेव्हा बायका आणि त्यांची लहान लेकरं एकाच जागेत कोंबलेली होती. पुढे तिने त्या मुलांसाठी तुरुंगातच शाळा काढली, बायकांना शिवणकाम मिळवून दिलं. नियम ठरवताना तिने ते वरून लादले नाहीत. ते कैदी बायकांसमोर वाचले आणि त्यांची संमती घेतली. चोरी केलेल्या, दारू प्यायलेल्या, फसवणूक केलेल्या त्या बायका होत्या. त्यांचं मत विचारावं असं तोपर्यंत कुणाला सुचलं नव्हतं.

आता अलीकडचं. २८ मार्च २०१३ रोजी पोप फ्रान्सिस रोममधल्या कासाल देल मार्मो या बाल-तुरुंगात गेले. ईस्टरआधीच्या गुरुवारी ख्रिस्ती धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, कारण ईसा (अ.) यांनी आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते असं शुभवर्तमानात आहे. पोपने हा विधी मोठ्या चर्चमध्ये न करता त्या तुरुंगातल्या बारा मुलामुलींचे पाय धुऊन केला. त्यांत एक सर्बियाची मुसलमान मुलगी होती. तिला कुणी तू आमच्यातली आहेस का असं विचारलं नाही. पुढे बारा वर्षं हे पोप पुन्हा पुन्हा तुरुंगात जात राहिले. १७ एप्रिल २०२५ रोजी, अगदी खंगलेले असताना, ते रोमच्या रेजिना कोएली तुरुंगात कैद्यांना भेटले. चार दिवसांनी त्यांचं निधन झालं. तुरुंगात शिरताना आपल्या मनात नेहमी हाच प्रश्न येतो की हे आत का आणि मी बाहेर का, असं ते अनेकदा सांगत.

हे परदेशातलं झालं. आपल्या देशातलं एक उदाहरण मला याहून मोठं वाटतं. सिस्टर राणी मारिया ही केरळची जोगीण मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात उदयनगर भागात काम करायची. गरीब शेतमजुरांना सावकाराच्या कर्जातून सोडवणं, सरकारी योजना मिळवून देणं हे तिचं काम. ते तिथल्या काही धनदांडग्यांना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये एका तरुणाने तिच्यावर सुऱ्याचे वार केले. अंगावर पन्नासहून जास्त जखमा होत्या. त्याला जन्मठेप झाली. त्या माणसाचं नाव जगजाहीर आहे, तरी मी इथे लिहीत नाही. त्याने शिक्षा भोगली आहे.

तुरुंगात त्याला भेटायला स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू जात राहिले. मग २००२ मध्ये राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने बहिणीच्या मारेकऱ्याच्या हातावर राखी बांधली. पुढे त्यांची आईही भेटली. त्याची सुटका व्हावी म्हणून त्या कुटुंबानेच अर्ज केले. २००६ मध्ये तो सुटला. त्या घराने त्याला मुलगा मानलं आणि तो राणी मारियाच्या समाधीवर जाऊ लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये चर्चने राणी मारियाला ‘धन्य’ घोषित केलं.

तिसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात येऊन संपतं. फादर स्टॅन स्वामी हे जेसुइट धर्मगुरू झारखंडमध्ये आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी काम करायचे. किती तरुण खटल्याविना आत आहेत याचा त्यांनी अभ्यास केला, कोर्टात गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांनाच यूएपीए कायद्याखाली अटक झाली आणि तळोजा कारागृहात ठेवलं गेलं. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं, कंपवात होता, पेला हातात धरवत नव्हता. खटला उभाच राहिला नाही. ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईतल्या इस्पितळात ते गेले. आतून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी स्वतःच्या त्रासापेक्षा बराकीतल्या गरीब कैद्यांबद्दलच जास्त लिहिलं. आपल्यावर नेमका काय आरोप आहे हेही ज्यांना माहीत नाही अशी ती माणसं होती. सोबतचे कैदीच त्यांना अंघोळ घालत होते, जेवताना मदत करत होते. जो कैद्यांना भेटायला जायचा त्याच्या शेवटच्या दिवसांत कैदीच उपयोगी पडले.

इथे काही वाचक म्हणतील, बाई, हे सगळं धर्मांतरासाठी चाललेलं असतं. आणि काही म्हणतील, याच चर्चने गोव्यात काय केलं ते विसरलात का? दुसरा प्रश्न आधी घेते. विसरले नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. श्रद्धेच्या संशयावरून माणसं कोठड्यांत डांबली गेली. मत्तयचा अध्याय त्या न्यायाधीशांनीही वाचलेला होता. म्हणजे एखादं पुस्तक हातात असलं की माणूस दयाळू होतो असं नाही. हे आपल्याही पुस्तकाला लागू आहे. मी गौरव चर्च नावाच्या सत्तेचा करत नाही. मी गौरव करते आहे त्या माणसांचा, ज्यांनी तो अध्याय वाचून चप्पल घातली आणि तुरुंगाच्या दरवाजाशी गेली.

राहिलं धर्मांतर. तसा हेतू असणारे लोक असतीलही. पण सेल्मी पॉलने राखी बांधली, क्रूस गळ्यात घातला नाही. पोपने त्या मुसलमान मुलीचे पाय धुतले, तिला कलमा बदलायला सांगितलं नाही. आणि समजा आपल्या पोराला तुरुंगात भेटायला दुसऱ्या धर्माचा माणूस गेला म्हणून आपल्याला काळजी वाटत असेल, तर सरळ प्रश्न आहे. आपण का नाही गेलो?

आपल्याकडे हुकूम कमी नाहीत. कुरआनच्या सूरह अद-दहरमध्ये (७६:८) नेक लोकांचं वर्णन आहे की ते स्वतःला अन्न प्रिय असतानाही ते मिस्कीनला, यतीमला आणि कैद्याला खाऊ घालतात. या तिघांना कुरआनने एका ओळीत बसवलं आहे. यतीमखाने आपण बांधले, मिस्कीनासाठी रमजानमध्ये किट वाटतो. तिसऱ्याचं काय केलं? सहीह बुखारीत प्रेषित मुहम्मद (स.) यांची तीन कामांची आज्ञा आहे: भुकेल्याला जेवू घाला, आजाऱ्याला भेटा, कैद्याला सोडवा. जकातच्या आठ खात्यांत एक खातं माना सोडवण्याचं आहे.

बद्रच्या लढाईत पकडलेल्या कैद्यांपैकी ज्यांच्याकडे खंडणीला पैसे नव्हते पण लिहितावाचता येत होतं, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना अक्षरं शिकवावीत आणि सुटावं, असं ठरलं होतं. शिक्षिका म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. शत्रूला, तोही कैद्याला, मुलांचा उस्ताद केलं! सुमामा बिन उसाल या कैद्याला तर मस्जिदे नबवीच्या खांबालाच बांधलं होतं. म्हणजे त्याला पाच वेळा नमाज दिसत होती, माणसं दिसत होती, आणि प्रेषित (स.) रोज त्याच्याशी येऊन बोलत होते. तीन दिवसांनी त्याला काहीही न घेता सोडलं, मग तो स्वतःहून परत आला. दारूच्या गुन्ह्यासाठी पुन्हा पुन्हा पकडल्या गेलेल्या एका माणसाला कुणी शिव्याशाप दिले, तेव्हा प्रेषितांनी (स.) थांबवलं. त्याचं अल्लाहवर आणि अल्लाहच्या प्रेषितावर प्रेम आहे, असं त्यांनी सांगितलं. शिक्षा झाली, ती टळली नाही. पण शिक्षेबरोबर त्याचं माणूसपण काढून घेतलं नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) तुरुंगात वारले. त्यांचे शागीर्द काझी अबू यूसुफ (रह.) यांनी खलिफा हारून रशीदसाठी ‘किताबुल खराज’ लिहिली. त्यात कैद्यांबद्दल स्वतंत्र मजकूर आहे. कैद्यांना बैतुलमालमधून खर्च द्यावा, हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे कपडे द्यावेत, त्यांना बेड्यांसकट भीक मागायला बाहेर काढू नये, आणि ज्याचं कुणी नाही असा कैदी वारला तर त्याला गुस्ल, कफन देऊन त्याची जनाज्याची नमाज पढावी, असा त्यांचा सल्ला आहे. हे हॉवर्डच्या हजार वर्षं आधीचं आहे. पण हे वाक्य आपण भाषणात छाती फुगवून म्हणतो आणि खाली बसतो. हजार वर्षांपूर्वी अबू यूसुफ यांनी लिहिलं, पण आज आपल्या मोहल्ल्यातून कारागृहापर्यंत कोण जातं?

काम अजिबात होत नाही असं मी म्हणणार नाही. जमियत उलमा महाराष्ट्राच्या कायदा विभागाने गुलजार आझमी साहेबांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं खटले लढवले. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात पकडलेली आपली माणसं २०१६ मध्ये आरोपमुक्त झाली, त्यामागे अशीच चिकाटी होती. त्या वकिलांचे आणि कार्यकर्त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण समाज म्हणून आपली सहानुभूती तिथेच थांबते. मुलगा बेगुनाह असेल तर तो कौमचा मुलगा. आणि त्याने खरोखर मोबाइल चोरला असेल, गर्द विकली असेल, भांडणात सुरा चालवला असेल, तर तो कौमला कलंक! मग त्याच्या आईकडे शादीची दावत जात नाही, बहिणीचा रिश्ता मोडतो, आणि त्याचं नाव घरातही हळू आवाजात घेतलं जातं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात अशी मुलं येतात ज्यांचे अब्बू ‘बाहेरगावी’ असतात. काहींचे खरोखरच सौदीला असतात. काहींचे शहरातल्याच कारागृहात असतात, आणि हे वर्गातल्या सगळ्या मुलांना माहीत असतं. ‘माझे वडील’ हा निबंध मी पाचवीला देत नाही. पण मुलाला तेवढ्याने काय होणार? मधल्या सुट्टीत त्याला जे ऐकावं लागतं ते त्याने केलेल्या कुठल्याच गुन्ह्याचं नसतं. शिक्षा बापाला कोर्टाने दिली. मुलाला ती आपण देतो.

ही मुलं किती असतील? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येत १४ टक्के आणि तुरुंगात त्याहून जास्त, हे वर्षानुवर्षं दिसतं आहे. यात भेदभाव आहे, पोलिसांचा संशय आहे, आणि दारिद्र्यही आहे. जामीन मंजूर होऊनही अनेक जण आत राहतात, कारण जामीनदार मिळत नाही, रेशनकार्ड नाही, जामिनाचे दहा-पंधरा हजार घरात नाहीत. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी हॉवर्डला जे दिसलं तेच थोड्या वेगळ्या रूपात आजही आहे. पैसे नाहीत म्हणून माणूस आत आहे.

१९७९ मध्ये सुप्रीम कोर्टात बिहारमधल्या कच्च्या कैद्यांचा खटला चालला. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो हुसैनारा खातून या नावाने माहीत आहे. गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती तेवढी वर्षं काही जण खटल्याविनाच आत होते. त्या निकालाने लवकर खटला चालणं हा हक्क ठरवला आणि हजारो माणसं सुटली. देशातल्या कैद्यांच्या हक्काला एका मुसलमान बाईचं नाव आहे, आणि आपल्यातल्या किती जणांना ते माहीत आहे?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. ज्याच्या घरातलं माणूस मारलं गेलं, जिच्यावर अत्याचार झाला, त्यांचं काय? गुन्हेगाराला माया आणि पीडिताला काही नाही, हा कुठला न्याय? हा राग खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. माफ करणं हा फक्त सेल्मी पॉलचा हक्क होता, चर्चचा नव्हता. आपल्या शरीअतमध्येही खुनाची माफी वारस देऊ शकतात, मोहल्ला देऊ शकत नाही. तेव्हा कुणा आईला जाऊन ‘माफ कर’ असं सांगायचं नाही. उलट पहिली भेट पीडिताच्याच घरी व्हायला हवी. पण कैद्याच्या मुलाची फी भरल्याने पीडिताचं काही कमी होत नाही. कैद्याला महिन्यातून एकदा कुणी भेटलं म्हणून त्याची शिक्षा एका दिवसाने घटत नाही. शिक्षा कोर्टाने मोजून दिलेली असते. त्यावर आपण आपल्या तिरस्काराचं व्याज चढवायचं का, एवढाच प्रश्न आहे.

उमेद याच ठिकाणी लागते. ख्रिस्ती लोक तुरुंगात जातात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वधस्तंभावरचा चोर असतो. ईसा (अ.) यांच्याशेजारी शिक्षा भोगणाऱ्या एका गुन्हेगाराने शेवटच्या घटकेला त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला जन्नतचं आश्वासन मिळालं, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. वधस्तंभाबद्दल आपली श्रद्धा वेगळी आहे, ते सांगायला नको. पण शेवटच्या श्वासापर्यंत दार उघडं आहे ही श्रद्धा आपलीही आहे. सूरह अज-जुमरमध्ये (३९:५३) अल्लाहने स्वतःवर जुलूम केलेल्या बंद्यांनाच सांगितलं आहे की माझ्या रहमतबद्दल निराश होऊ नका.

आणि बुखारी व मुस्लिम दोन्हींत असलेली ती हदीस आहे. एका माणसाने ९९ खून केले होते. तौबा करावी असं त्याला वाटलं. तो एका राहिबाकडे, म्हणजे मठातल्या संन्याशाकडे गेला. राहिब म्हणाला, तुला तौबा नाही. त्याने त्यालाही मारलं आणि १०० पुरे केले. मग तो एका आलिमकडे गेला. आलिम म्हणाला, तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोण येऊ शकतो? पण अमुक वस्तीत जा, तिथे चांगले लोक राहतात, त्यांच्यात राहून इबादत कर. आपल्या गावी परतू नकोस, ते ठिकाण वाईट आहे. तो निघाला आणि वाटेतच मेला. रहमतचे आणि अजाबचे फरिश्ते वाद घालू लागले. अंतर मोजलं गेलं. तो त्या चांगल्या वस्तीला वीतभर जवळ निघाला आणि बख्शला गेला.

हा किस्सा आपण अल्लाहची माफी किती मोठी आहे हे सांगायला वापरतो, आणि ते बरोबरच आहे. पण आलिमच्या सल्ल्याचा दुसरा भाग आपण घाईत सोडून देतो. त्याने फक्त ‘रडून माफी माग’ असं म्हटलं नाही. त्याने पत्ता दिला. तौबा करणाऱ्याला राहायला वस्ती लागते, शेजारी लागतात, काम लागतं. आणि त्या वस्तीला शंभर खुनांच्या माणसाला आत घेण्याइतकं मन लागतं. आज आपल्या शहरातल्या कारागृहातून सुटलेल्या पोराला एखाद्या आलिमने असाच सल्ला दिला, तर तो कुठला पत्ता देईल? आपल्या मोहल्ल्याचा देऊ शकेल का?

त्या हदीसमध्ये दार बंद करणारा राहिब होता आणि उघडणारा आलिम. आज पाहते तर राहिबांचे वारस तुरुंगाच्या दरवाजाशी रांगेत उभे आहेत, आणि आपण घरात बसून सांगतो की असल्यांना तौबा नाही.

करायचं काय, ते फार मोठं नाही. मशिदीच्या कमिटीकडे गावातल्या कैद्यांच्या घरांची यादी असावी, वाच्यता न करता. मुलाकातीला जाणाऱ्या आईच्या हातात एसटीचं भाडं ठेवावं. मुलांची वह्या-पुस्तकं, फी कुणी एकाने पत्करावी. जामिनाअभावी अडकलेल्यांसाठी जकात वापरता येईल का, हे उलमांना विचारून घ्यावं. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्र सरकारची २०२३ पासून योजना आहे, त्यात कच्च्या कैद्याला मदत मिळू शकते. तिचा अर्ज करायला पुढे होणारा माणूस पाहिजे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, तिथे जाऊन विचारावं लागतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत, पहिल्यांदाच पकडला गेलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर सुटकेला पात्र ठरतो. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळले आहेत. ‘टिस’चा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत हे काम करतो आहे, त्यांच्याकडून शिकता येईल. आणि हे करताना कैद्याचा धर्म विचारायचा नाही. रोमच्या त्या मुलीला कुणी विचारला नव्हता.

कारागृहाच्या ग्रंथालयाला उर्दू आणि मराठी पुस्तकं द्यावीत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि विनोबांची गीतेवरची प्रवचनं धुळ्याच्या तुरुंगात झाली, हे आपण मुलांना शाळेत शिकवतो. तुरुंगात माणसाला वेळ असतो, त्या वेळेत त्याच्या हाती काय पडतं यावर बरंच अवलंबून असतं.

हजरत यूसुफ (अ.) यांनी तुरुंगातून सुटणाऱ्या साथीदाराला सांगितलं होतं की तुझ्या मालकाजवळ माझी आठवण काढ. तो बाहेर गेला आणि विसरला. यूसुफ (अ.) आणखी कित्येक वर्षं आत राहिले. कुरआनने ही छोटीशी गोष्ट नोंदवून ठेवली आहे. बाहेर असलेला माणूस विसरतो, आणि त्या विसरण्याची किंमत आतला माणूस भरतो.

येत्या जुम्म्याला नमाजनंतर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना एवढंच विचारा: आपल्या मोहल्ल्यातलं कोण आत आहे, आणि त्याला शेवटचं कोण भेटून आलं? अल्लाह आपल्या वस्त्यांना ती वस्ती होण्याची तौफीक देवो. आमीन.